चौसष्ट अक्षरं

ठेकेदाराचा निरोप एकोणीस सेकंदांचा होता. “वहिनी, चेक एवढ्यात टाकू नका. बिल निघालं की मीच पैसे पाठवतो. चार लाख अठराचा हिशोब माझ्या डोक्यात आहे.” मागे काँक्रीट मिक्सरचा खडखडाट आहे, कुणीतरी ‘पाणी सोड’ म्हणून ओरडतंय, पण हे वाक्य स्वच्छ ऐकू येतं. एवढा आवाज कोर्टात ऐकवला की प्रश्न मिटला, अशा समजुतीत मी होते. तो ऐकवायचा दिवस उजाडायला वर्ष गेलं. त्या वर्षात काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहून ठेवतेय. माझ्यासारखे दुकानदार गावोगाव आहेत, सगळ्यांची देणीघेणी आता व्हॉट्सॲपवर बोलली जातात, आणि भांडण झालं तर पहिल्या आठवड्यात काय सांभाळायचं हे आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

बार्शीत आमचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. हे गेल्यापासून मीच बघते. ठेकेदार यांच्या ओळखीचा, दुसऱ्या तालुक्यातला, आठ-नऊ वर्षांचं गिऱ्हाईक. २०२४ च्या पावसाळ्यानंतर त्याने एका बांधकामासाठी माल उचलला. काही पैसे येत गेले, काही राहत गेले. ३ जानेवारी २०२५ ला दुपारी काउंटरवर बसून त्याने ४,१८,००० रुपयांचा चेक लिहिला, तारीख २० जानेवारीची. १८ ला तो निरोप आला. मी रविवार जाऊ दिला आणि सोमवारी चेक भरला. बुधवारी, २२ तारखेला, ‘फंड्स इन्सफिशियंट’ असा शेरा मारून बँकेने तो परत पाठवला.

पुढचा रस्ता ठरलेला असतो. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि ते उलटले की महिन्याच्या आत कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची फिर्याद. वकीलसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्यासमोर दिवस मोजले आणि तीन तारखांना लाल गोल केले. नोटीस गेली, उत्तर आलं. उत्तरात म्हटलं होतं की चेक दोन वर्षांपूर्वी सही करून कोराच दिला होता, तारण म्हणून. सदर महिलेचं आमच्या अशिलाकडे काहीएक येणं नाही. हे असताना हा माणूस आमच्या घरी जेवून गेलेला. ‘सदर महिला’ या दोन शब्दांवर माझी नजर बराच वेळ अडकली.

तेव्हा मला कॅमेरा आठवला. काउंटरच्या बरोब्बर वर आहे तो. कॅमेरे बसवणाऱ्या मुलाला बोलावून घेतलं. त्याने डीव्हीआर उघडला, तारखा मागे नेत गेला आणि थांबला. “मावशी, अठरा दिवसांच्या पलीकडे काही नाही. हार्डडिस्क भरली की जुन्यावरच नवं रेकॉर्ड होत जातं.” तीन तारखेला त्याने खिशातून पेन काढलं, चष्मा लावला, रक्कम अक्षरात लिहिताना मला ‘अठरा हजार एकत्र लिहू का’ म्हणून विचारलं, ते सगळं त्या पेटीत २१ जानेवारीपर्यंत होतं. चेक परत आला २२ ला. एका दिवसाने गेलं. आजही कुणाचा चेक घेतला की त्याच संध्याकाळी मी तेवढा तुकडा पेन ड्राइव्हवर काढून ठेवते आणि वहीत तारीख-वेळ लिहिते.

कॅमेरा गेला, राहिलं व्हॉट्सॲप. मी झेरॉक्सवाल्याकडून स्क्रीनशॉटच्या एकतीस रंगीत प्रती काढल्या, स्पायरल करून घेतल्या आणि मोठ्या विश्वासाने वकीलसाहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. वर ठेकेदाराचं नाव होतं.

“ताई, हे नाव कुणी लिहिलं?”

“मी. माझ्या फोनमध्ये सेव्ह आहे.”

“म्हणजे मी माझ्या भावाचा नंबर या नावाने सेव्ह केला आणि त्याला दोन मेसेज टाकायला लावले, तरी असंच पान छापून येईल. यात नंबर कुठे दिसतोय?”

मी गप्प. एकतीस पानांत एकदाही नंबर नव्हता.

मग त्यांनी जालन्याची गोष्ट सांगितली. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात २९६ मतांनी निकाल लागला. हरलेल्या उमेदवाराचं म्हणणं होतं की विजयी उमेदवाराचे अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतले गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या आत आणि बाहेर कॅमेरे लावलेले होते, त्यामुळे चित्रण होतं. त्याच्या सीडीही कोर्टात आल्या. पण हे चित्रण अमुक यंत्रातून, अमुक रीतीने काढलं आहे असं लिहून द्यायचं प्रमाणपत्र कुणी देईना. मागूनही मिळेना. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या निकालात तीन न्यायमूर्तींनी बजावून सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्र लागणारच. तोंडी साक्षीने त्याची जागा भरून निघत नाही. ज्याने मिळवायची सगळी खटपट केली आणि समोरच्याने दिलंच नाही, त्याला मात्र त्या खटल्यात सवलत मिळाली. देशभरातल्या कोर्टांत आज जो दंडक चालतो तो आपल्या जालन्याच्या प्रकरणातून आला, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तेव्हा कायदा जुना होता, भारतीय पुरावा कायद्याचं कलम ६५ ब. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हे कलम ६३ झालं आणि प्रमाणपत्राचा छापील नमुनाच कायद्याच्या शेवटी जोडला गेला. त्याचे दोन भाग. भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हीत एक रकाना नवा आहे: हॅश व्हॅल्यू.

“ताई, तो निरोप ज्या फोनवर आला तो फोन आहे ना?” वकीलसाहेबांनी विचारलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. अक्षय्य तृतीयेला मी नवा फोन घेतला होता. दुकानदाराने जुना एक्स्चेंजला मागितला होता, दीड हजार कमी करतो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, कशाला देतेस, मला भजनं ऐकायला होईल. म्हणून तो घरात राहिला. दीड हजाराच्या लोभाने दिला असता तर पुढचं काहीच लिहायला नव्हतं.

रविवारी भाचा आला. पुण्याला कंप्युटरचं शिकतोय. सासूबाईंच्या फोनवरचं व्हॉट्सॲप केव्हाच बंद पडलं होतं, पण त्याने केबल लावून आतले फोल्डर उघडले. व्हॉट्सॲपच्या मीडियात व्हॉइस नोट्सचं एक फोल्डर असतं, त्यात आठवड्यानुसार कप्पे. जानेवारीच्या कप्प्यात फाइल सापडली. नाव ‘पीटीटी’ने सुरू, पुढे २०२५०११८, पुढे डब्ल्यूए आणि क्रमांक, शेवटी ओपस. तारीख फाइलच्या नावातच होती. मी ती लावली. मिक्सर, पाणी सोड, वहिनी चेक एवढ्यात टाकू नका. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “त्याचाच आवाज,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

हॅश म्हणजे काय हे भाच्याने मला जसं दाखवलं तसंच सांगते, कारण त्यानंतर मला ते पुन्हा विचारावं लागलं नाही. त्याने लॅपटॉपवर एक कोरी फाइल उघडली आणि तीत लिहिलं, ‘सिमेंट ५० पोती’. मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत सर्टयुटिल अशी एक आज्ञा टाइप केली. विंडोजमध्ये ती आधीपासूनच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. खाली आकडे आणि इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक ओळ उमटली. मोजली, चौसष्ट. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेली ओळ नेहमी चौसष्टचीच येते, फाइल चार शब्दांची असो की तीन तासांच्या पिक्चरची. मग त्याने पोती या शब्दापुढे फक्त एक टिंब दिलं आणि पुन्हा तीच आज्ञा दिली. मला वाटलं शेवटचं एखादं अक्षर बदलेल. सगळी ओळच बदलली होती, जणू वेगळ्याच फाइलची. टिंब खोडलं, पुन्हा पहिली ओळ आली, जशीच्या तशी. फाइलचं नाव बदलून बघितलं, ओळ तीच राहिली.

“मामी, हा फाइलच्या अंगठ्याचा ठसा समज. कपडे बदलले तर ठसा बदलत नाही. आत काही केलं तर बदलतो.”

मग त्याने दोन्ही फोनमधली ती व्हॉइस नोट लॅपटॉपवर घेतली. एक सासूबाईंच्या फोनमधली, मूळ. दुसरी माझ्या नव्या फोनमधली, बॅकअपमधून एप्रिलअखेर उतरलेली. दोन्हींचे ठसे काढले. सुरुवात नऊ-सी-चार-ई, शेवट शून्य-बी-सात-एक. मी ओळीखाली ओळ ठेवून पट्टीने चौसष्टच्या चौसष्ट तपासली. एकही वेगळं नव्हतं. डिलिव्हरी चलनाच्या फोटोचं मात्र जमलं नाही. तो मी मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवून तिच्याकडून परत घेतला होता. जाता-येता ॲप फोटो लहान करतं, त्यामुळे डोळ्यांना सारखा दिसला तरी ठसा निराळा आला. मूळ फोटो जुन्या फोनच्या गॅलरीत होता, तो घेतला.

भाग ‘अ’ भरायला आम्ही वकीलसाहेबांच्या ऑफिसात एक अख्खी दुपार बसलो. उपकरण कोणतं त्यावर खूण करायची, म्हणजे संगणक, डीव्हीआर, मोबाइल, पेन ड्राइव्ह, क्लाउड असे पर्याय. कंपनी, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआय. ते उपकरण तुमच्या मालकीचं, की तुम्ही ते सांभाळत, बघत किंवा चालवत होता. ठसा कोणत्या पद्धतीने काढला. तारीख, आणि वेळ चोवीस तासांच्या हिशोबात. एका ओळीवर मी थांबले. त्या काळात उपकरण नीट चालत होतं, आणि मध्ये कधी बंद पडलं असेल तर त्याने नोंदीवर परिणाम झालेला नाही, असं ते वाक्य होतं.

“साहेब, मार्चमध्ये फोन पडला होता. डिस्प्ले बदलला. दोन दिवस दुकानात होता.”

ज्युनियर वकील म्हणाला, हे लिहायची गरज नाही, डिस्प्लेचा आणि फाइलचा संबंध काय. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “संबंध नाही हे आपल्याला माहीत आहे. पण बाईंना पिंजऱ्यात उभं करून हेच विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं, तर प्रमाणपत्र खोटं ठरतं. लिही. तारीख लिही, काय बदललं ते लिही, दुरुस्तीची पावती असेल तर जोड.” पावती होती. आमच्या दुकानदारी सवयीने मी कुठलीच पावती टाकत नाही.

भाग ‘ब’ ला माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त दिवस गेले. कलमात नुसता ‘तज्ज्ञ’ हा शब्द आहे. भाचा सही करायला तयार होता, वकीलसाहेब नको म्हणाले. नात्यातला माणूस नको, आणि विद्यार्थी तर नकोच. शेवटी सोलापुरात संगणकीय तपासणीचं काम करणारे एक गृहस्थ मिळाले. त्यांनी साडेसात हजार घेतले. फोन पाकिटातून काढताना फोटो, सिरियल नंबरचा फोटो, केबल लावताना फोटो. फोन आधी एअरप्लेन मोडवर टाकला. आपल्या यंत्रावर ठसा काढला, माझ्या कागदावरच्या ओळीशी ताडला आणि मगच सही केली. मनापासून सांगते, साडेसात हजार मला परवडले, पण वीस-पंचवीस हजारांच्या चेकसाठी भांडणाऱ्या भाजीवालीला ते कसे परवडायचे? प्रत्येक तालुका कोर्टाच्या आवारात असा एक माणूस सरकारी फीमध्ये बसवायला हवा. नोटरी बसतो, टायपिस्ट बसतो, तसा. कायद्याने रकाना ठेवला आहे तर तो भरून देणारा माणूसही कायद्यानेच द्यायला हवा.

या सगळ्याच्या आगेमागे कोर्टाचं काम चालूच होतं. समन्स घेऊन बेलीफ गेला तेव्हा त्याच्याकडे मोबाइल होता. समन्स बजावलं की तिथलं ठिकाण आणि वेळ त्यातच नोंदवतात. पूर्वीसारखं ‘घराला कुलूप’ असा शेरा चावडीवर बसून मारता येत नाही. ठेकेदार दोनदा सापडला नाही, तिसऱ्यांदा सापडला.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी दुकानासमोर सिमेंटची गाडी खाली होत होती. मी पोती मोजत होते. फोन वाजला. अनोळखी नंबर, फोटोच्या जागी न्यायदेवतेचा तराजू. ‘आपल्या प्रकरणात अजामीनपात्र वॉरंट जारी झाले आहे. आदेशाची प्रत उघडून तत्काळ पाहावी.’ खाली माझं पूर्ण नाव, कोर्टाचं नाव आणि पुढची तारीख. तारीख बरोबर होती. त्याखाली फाइल. हमाल विचारत होता पंधरावी थप्पी कुठे लावू, आणि मी त्या फाइलवर बोट ठेवलं. फोनने विचारलं, या ठिकाणाहून ॲप टाकायला परवानगी द्यायची का?

‘ॲप’ हा शब्द वाचून हात थांबला. आदेश म्हणजे कागद. फार तर पीडीएफ. तो वाचायला ॲप कशाला टाकावं लागेल? फाइलचं नाव नीट पाहिलं. ‘कोर्ट ऑर्डर’ असं होतं आणि शेवटी एपीके. भाच्याने दाखवलेलं आठवलं: एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. एकदा आत शिरलं आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचे ओटीपी त्याच्या हातात. त्याच फोनमध्ये माझं दुकानाचं खातं होतं आणि त्याच फोनमध्ये माझा पुरावा. मी पोत्यावर बसले. हात थरथरत होते.

माझी पुढची तारीख त्यांना कशी कळली? उत्तर साधं होतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकारांची नावं, प्रकरणाची अवस्था आणि पुढची तारीख कुणालाही बघता येते, आणि ते तसंच असायला हवं. कोर्ट उघडं असावं. पूर्वी तारखेला काय झालं हे कळायला बार्शीच्या बसस्टँडवरून कोर्टापर्यंत पायपीट करावी लागायची, आता घरबसल्या दिसतं. पण मला जे दिसतं ते भामट्यालाही दिसतं, हे मी त्या सकाळपर्यंत ध्यानात घेतलं नव्हतं. मेसेजमध्ये आपलं नाव आणि तारीख बरोबर आहे यावरून तो कोर्टाचा ठरत नाही.

मग खात्री करायची कशी? प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा एक सीएनआर क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन आकडे, सहा आकडे प्रकरणाचे आणि शेवटचे चार सालाचे. फिर्याद दाखल झाली तेव्हा मी तो दुकानाच्या उधारीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. मेसेजमधल्या कशालाही हात न लावता मी स्वतः ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं आणि तो क्रमांक टाकला. शेवटची तारीख, पुढची तारीख, कामाचा टप्पा. वॉरंटचं नाव नाही, नवा आदेश नाही. वकीलसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, “ताई, फिर्यादी तुम्ही आहात. वॉरंट निघालंच तर त्याच्यावर निघेल, तुमच्यावर कशाला?” घाबरलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी तो नंबर सरकारच्या दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर, संशयित फसवणूक कळवायच्या ‘चक्षू’ या सोयीत कळवला. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करायचा होता, तोही लगेच, कारण पुढच्या खात्यात पैसे सरकण्याआधी ते अडवता येतात.

त्या दिवशी दुपारी वकीलसाहेबांकडे चहा झाला तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यामुळे मला जरा धीर आला आणि जास्त काळजीही वाटली. ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून लोकांची माहिती काढली जात होती. ३१ ऑगस्टला न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाने जाहीर सूचना काढली की आम्ही कुणाकडेही वैयक्तिक किंवा बँकेची माहिती मागत नाही. २० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचं यूट्यूब चॅनेलच कुणीतरी ताब्यात घेतलं आणि जिथे सुनावणी दिसायची तिथे क्रिप्टो चलनाची जाहिरात दिसू लागली. त्याच वर्षी लुधियानाच्या एका ज्येष्ठ उद्योगपतींना व्हिडिओ कॉलवर खोटं सर्वोच्च न्यायालय दाखवून, खोटे सरन्यायाधीश बसवून सात कोटी रुपये उकळले. माझं वॉरंट त्यामानाने किरकोळ. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीच्या वर लुबाडल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली, आणि १ डिसेंबरला या ‘डिजिटल अटक’ प्रकारांचा तपास सीबीआयकडे दिला. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाहीत. सासूबाईंना मी हे दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

चेकच्या खटल्यांत याची भीती आता जास्त आहे, असं मला वाटतं. २५ सप्टेंबर २०२५ ला, गोव्यातून गेलेल्या एका चेक प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिल्हा न्यायालयांनी क्यूआर कोड किंवा यूपीआयने पैसे भरायची सोय करावी आणि समन्समध्येच आरोपीला कळवावं की रक्कम इथे भरून प्रकरण मिटवता येईल. समन्स ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही पाठवता येईल. हे चांगलंच आहे. माझ्या ठेकेदाराला पहिल्याच दिवशी ही वाट दिसली असती तर कदाचित त्याने भरलेही असते. पण उद्या कुणीही तराजूचा फोटो लावून क्यूआर कोड पाठवेल आणि घाबरलेला माणूस तो स्कॅन करेल. म्हणून माझी कळकळीची मागणी आहे की त्या प्रत्येक समन्सवर ठळक मराठीत एक ओळ छापावी: पैसे भरण्याआधी सीएनआर क्रमांक स्वतः टाकून प्रकरण तपासा.

माझा उलटतपास जानेवारी २०२६ मध्ये झाला. सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्राचे दोन्ही भाग, पाकिटात पेन ड्राइव्ह, दुसऱ्या पाकिटात सासूबाईंचा फोन. वकीलसाहेबांनी ठरवलं होतं की मूळ फोनही न्यायचा आणि प्रमाणपत्रही द्यायचं. समोरचे वकील जुने, आवाज मऊ.

“मॅडम, हा फोन मार्चमध्ये दुरुस्तीला दिला होता?”

“हो. डिस्प्ले बदलला. प्रमाणपत्रात लिहिलं आहे, पावतीही जोडली आहे.”

त्यांनी कागद उलटला, वाचला, आणि त्या बाजूला पुन्हा आले नाहीत. ज्युनियरने माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. “तुम्ही हा ठसा ऑक्टोबरमध्ये काढला. निरोप जानेवारीचा. मधल्या नऊ महिन्यांत फाइल बदलली नाही कशावरून?”

हा प्रश्न योग्य होता, आणि त्याचं उत्तर मी रात्र रात्र शोधलं होतं. ठसा ज्या दिवशी घेतला त्या दिवसापासून पुढची हमी देतो, मागची देत नाही. म्हणून आता मी सांगत असते की निरोप आला, भांडणाचा वास आला, की त्याच दिवशी फाइल काढा, ठसा काढा आणि तो स्वतःला ईमेल करून ठेवा. मी ते केलं नव्हतं. माझ्याकडे दुसरं होतं.

“माझ्या नव्या फोनमध्ये एप्रिलअखेरच्या बॅकअपमधून हीच फाइल उतरली आहे. तिचा ठसा आणि जुन्या फोनमधल्या फाइलचा ठसा एकच आहे. तज्ज्ञांनी दोन्ही तपासले आहेत. आणि तो निरोप ज्यांनी पाठवला त्यांच्या फोनमध्येही तो असेल. त्यांनी तो आणावा.”

न्यायाधीश मॅडमनी आरोपीच्या वकिलांकडे बघितलं. ते म्हणाले, अशिलाचा तो फोन आता नाही. वकीलसाहेबांनी तेवढं नोंदवून घ्यायची विनंती केली. मग दोन्ही वकिलांसमोर लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लावला. ज्युनियरने काळी खिडकी उघडली, आज्ञा टाइप केली. ओळ उमटली. मॅडम म्हणाल्या, पहिली चार वाचा. नऊ, सी, चार, ई. शेवटची चार वाचा. शून्य, बी, सात, एक. मग मधली सगळी एकेक करून वाचली, समोरचे वकील प्रमाणपत्रावर बोट फिरवत होते. चौसष्ट अक्षरं वाचायला दोन मिनिटं लागतात. कोर्टात त्या वेळी कुणी बोलत नव्हतं, पट्टेवालासुद्धा दाराशी थांबला होता.

त्यानंतर आवाज लावला. मिक्सर, पाणी सोड, वहिनी चेक एवढ्यात टाकू नका. ठेकेदार भिंतीकडे बघत होता.

माझी साक्ष टाइप झाली. ‘हे म्हणणे खरे नाही की, सदर ध्वनिफीत मी तयार करून घेतली आहे. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ मी वाचून सही केली. फोन कोर्टात जमा झाला, पाकिटावर निशाणी पडली. आवाज आपला नाही असं तो पुढे म्हणाला तर आवाजाचा नमुना मागण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आहे. तो अर्ज वकीलसाहेबांनी लिहून तयार ठेवला आहे.

पुढची तारीख बचावाच्या साक्षीदारांची आहे. मी ती ॲपवर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बघते. सासूबाईंना दुसरा फोन घेऊन दिला, पण त्यांची भजनं त्या जुन्यात होती, ती यात नाहीत. निकाल लागला की आधी तो फोन परत मागायचा अर्ज द्यायचा आहे.